वीस चषकांचा क्लब विलीन का झाला?

१ जुलै २०२० रोजी ‘१. एफएफसी फ्रँकफर्ट’ हा महिलांचा फुटबॉल क्लब त्याच शहरातल्या ‘आइन्ट्राख्ट फ्रँकफर्ट’ या मोठ्या क्लबमध्ये विलीन झाला. करोनामुळे तो हंगाम रिकाम्या मैदानांवर उरकला गेला होता, त्यामुळे निरोपालाही गर्दी नव्हती. दुरून पाहणाऱ्याला वाटावे की एका लहान क्लबने मोठ्याचा आसरा घेतला. चषकांचा हिशेब मात्र वेगळेच सांगतो. आइन्ट्राख्टची स्थापना १८९९ ची. त्या दिवसापर्यंत त्याच्या पुरुष संघाच्या प्रमुख कमाईत १९५९ चे एक जर्मन विजेतेपद, पाच जर्मन चषक आणि १९८० चा एक युरोपीय चषक होता. दुसरा युरोपीय चषक २०२२ मध्ये आला. एफएफसी अवघी साडेएकवीस वर्षे जगला. तेवढ्यात त्याने बुंडेसलिगा ही जर्मनीची साखळी स्पर्धा सात वेळा, जर्मन चषक नऊ वेळा आणि युरोपचा चषक चार वेळा जिंकला. एकूण वीस. ज्याच्या घरी वीस चषक, त्याने आठही न जिंकलेल्याच्या नावात आपले नाव का मिसळावे? पैसा हे उत्तर लगेच मिळते आणि ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माझ्या मते या क्लबच्या यशाचे आणि त्याच्या शेवटाचे मूळ एकच आहे. पुरुषांच्या क्लबांनी महिलांच्या खेळाकडे पाठ फिरवली होती म्हणून स्वतंत्र क्लबला जागा मिळाली. त्या जागेला मोल आहे हे त्यानेच सिद्ध केले, आणि मग ती जागा त्याच्याकडे राहिली नाही.

ही पाठ किती जुनी होती हे समजायला फ्रँकफर्टमध्येच, पण बरेच मागे जावे लागते. १९३० मध्ये लोटे श्पेख्ट नावाच्या खाटकाच्या तरुण मुलीने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्या मुलींना बोलावले. पस्तीस-चाळीस मुली आल्या आणि जर्मनीतला पहिला महिला फुटबॉल क्लब उभा राहिला. त्यांना खेळायला प्रतिस्पर्धी संघच नव्हता, म्हणून त्या आपसांतच दोन संघ पाडून खेळत. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, प्रेक्षकांनी दगड मारले, जर्मन फुटबॉल महासंघाने सदस्यत्व नाकारले. वर्षभरात क्लब बंद पडला. पुढे काय वाढून ठेवले आहे ते या छोट्या प्रकरणातच दिसते. मुलींना खेळायचे होते, मैदानेही शहरात होती. अडचण होती ती संघटनेची. फुटबॉल हा खेळ एकट्यादुकट्याने खेळता येत नाही; त्याला वेळापत्रक, पंच, प्रतिस्पर्धी आणि कुणाच्या तरी मालकीचे मैदान लागते. हे सगळे पुरुषांच्या हाती होते.

१९५४ मध्ये पश्चिम जर्मनीने पुरुषांचा विश्वचषक जिंकला, देशभर फुटबॉलची लाट आली आणि त्या लाटेत मुलीही मैदानात उतरू लागल्या. महासंघाने १९५५ मध्ये ठराव करून त्यांना अडवले. कारणे त्या काळाला साजेशी होती: या खेळात बाईचे लावण्य लोपते, तिच्या देहाला आणि मनाला इजा होते, शरीराचे प्रदर्शन शोभत नाही. कारणांवर हसून पुढे जाण्याचा मोह होतो, पण ठरावाची योजना मोठी चलाख होती. महासंघ बायकांना खेळण्यापासून थेट रोखू शकत नव्हता. त्याने आपल्या सदस्य क्लबांना फर्मावले की महिलांना मैदान द्यायचे नाही आणि पंचांनी त्यांच्या सामन्यांत काम करायचे नाही. खेळ बेकायदा झाला नाही, बेघर झाला. ही बंदी ३१ ऑक्टोबर १९७० ला उठली आणि ती उठण्याचे एक मोठे कारण म्हणजे महासंघाला वाटणारी धास्ती. महिला आपली वेगळी संघटना काढतील आणि हा खेळ आपल्या हाताबाहेर जाईल, अशी चिन्हे दिसत होती. म्हणजे मान्यतेचा दरवाजा उघडला तोही वेगळ्या चुलीच्या भीतीने. उघडतानाही अटी होत्याच. सामना सत्तर मिनिटांचा, हिवाळ्यात सक्तीची विश्रांती, बुटांना खिळे नकोत, चेंडू लहान.

पुढची वीस-पंचवीस वर्षे महिलांचे संघ पुरुषांच्या क्लबांत एक ‘विभाग’ म्हणून राहिले. १९७४ मध्ये पहिले जर्मन विजेतेपद टीयूएस व्योरश्टाट या गावाकडच्या क्लबने जिंकले. नंतर बेर्गिश ग्लाडबाख आणि झीगन यांनी राज्य केले. म्युनिकच्या बायर्नचे १९७६ चे विजेतेपद सोडले तर पुरुषांच्या फुटबॉलमधली बडी नावे या यादीत जवळपास नाहीत. १९८९ मध्ये राष्ट्रीय संघाने घरच्या मैदानावर युरोपचे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा महासंघाने प्रत्येकीला बक्षीस म्हणून कॉफीचे कपबशीचे संच दिले. ही गोष्ट जर्मनीत आता विनोदासारखी सांगितली जाते. मला त्यात विनोदापेक्षा हिशेब जास्त दिसतो: देणाऱ्याच्या लेखी या विजयाची किंमत तेवढीच होती. फ्रँकफर्टमध्ये तेव्हा महिलांचे दोन चांगले संघ होते. एफएसव्ही फ्रँकफर्टने १९८६, १९९५ आणि १९९८ मध्ये देशाचे विजेतेपद घेतले. दुसरा संघ शहराच्या वायव्य टोकाच्या प्राउनहाइम वस्तीतल्या एसजी प्राउनहाइम या साध्या क्लबचा. १९९८ च्या उन्हाळ्याअखेर प्राउनहाइमच्या महिला विभागाने वेगळे व्हायचे ठरवले आणि १ जानेवारी १९९९ पासून ‘१. एफएफसी फ्रँकफर्ट’ अस्तित्वात आला. अर्धा हंगाम जुन्या नावाने, अर्धा नव्या नावाने खेळून त्यांनी त्याच वर्षी साखळी आणि चषक दोन्ही जिंकले.

वेगळे होण्याने नेमके काय बदलले? मैदान तेच, मुली बहुतेक त्याच. बदलला तो अग्रक्रम. पुरुषांच्या क्लबमध्ये महिला विभाग खर्चाच्या यादीत शेवटी असतो. सरावाची उरलेली वेळ, उरलेला फिजिओ, उरलेले मैदान त्याच्या वाट्याला येते, आणि पुरुष संघ खालच्या श्रेणीत घसरला की पहिली कात्री त्याच विभागाला लागते. एफएफसीच्या यादीत महिला संघ पहिलाही होता आणि शेवटचाही. प्रायोजकाकडे जायचे तर याच संघासाठी, तिकीट विकायचे ते याच सामन्याचे. व्यवस्थापक सीगफ्रीड डीट्रिख यांना जाहिरात आणि विपणनाची जाण होती आणि महिलांचा सामना विकता येतो असे त्यांना वाटत होते; त्या काळात असे वाटणारी माणसे थोडी होती. प्रशिक्षक मोनिका श्टाब स्वतः खेळाडू म्हणून घडलेल्या. घरचे मैदान रोडेलहाइममधल्या ब्रेंटानोबाड या मोठ्या जलतरण तलावाशेजारचे, पाच हजारांहून थोडे जास्त प्रेक्षक मावतील एवढे. पुरुषांच्या क्लबच्या रिकाम्या भव्य स्टेडियमपेक्षा असे भरू शकणारे लहान मैदान महिला संघाला जास्त उपयोगी पडते.

याच बळावर बिर्गिट प्रिन्झ, श्टेफी जोन्स, रेनाटे लिंगोर, निया क्युन्झर अशा खेळाडू एकत्र आल्या. प्रिन्झ तर शेजारच्या एफएसव्हीतूनच आली होती. युरोपीय महासंघाने महिला क्लबांसाठी पहिली स्पर्धा २००१-०२ मध्ये घेतली आणि तिचा अंतिम सामना फ्रँकफर्टच्याच वाल्डश्टाडिओनवर झाला. एफएफसीने स्वीडनच्या उमेओला २-० हरवले. गोल जोन्स आणि प्रिन्झ यांचे, प्रेक्षक बारा हजारांच्या वर. त्या वर्षी साखळी, चषक आणि युरोप असे तिन्ही मुकुट एका क्लबकडे आले. २००८ मध्ये त्यांनी हे पुन्हा केले. क्लबचा सर्वांत दूरवर पोचलेला क्षण मात्र क्लबच्या जर्सीतला नाही. १२ ऑक्टोबर २००३ ला अमेरिकेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध १-१ बरोबरी होती. अतिरिक्त वेळेत पहिला गोल करणारा जिंकणार, असा तेव्हाचा नियम. ९८ व्या मिनिटाला लिंगोरने फ्री किक मारली, बदली म्हणून उतरलेल्या क्युन्झरने हेडर मारला आणि जर्मनीच्या महिला प्रथमच विश्वविजेत्या झाल्या. चेंडू पाठवणारी आणि जाळ्यात घालणारी, दोघी एफएफसीच्या. जर्मन दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी हा गोल वर्षातला सर्वोत्तम ठरवला. तो मान प्रथमच एका महिलेला मिळाला. प्रिन्झ २००३ पासून सलग तीन वर्षे जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. इटलीच्या पेरुजा या पुरुषांच्या क्लबने तिला आपल्या संघात यायचे आमंत्रण दिले होते, ते तिने नाकारले. कुतूहलाची वस्तू होऊन बाकावर बसण्यापेक्षा ब्रेंटानोबाडजवळचे मैदान बरे, असा तो निर्णय मला वाटतो.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. एफएफसीने देशभरातल्या उत्तम खेळाडू एका छताखाली गोळा केल्या आणि साखळीतली चुरस संपवली. त्यातही व्यवस्थापक डीट्रिख काही खेळाडूंचे सल्लागारही होते, आणि क्लब चालवणारा व खेळाडूचे हित पाहणारा माणूस एकच असणे योग्य नाही, अशी टीका जर्मनीत झाली. टीका रास्तच आहे. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये हे चालले नसते. चुरस संपल्याचे म्हणणे मात्र नोंदींपुढे टिकत नाही. एफएफसीचा उदय झाला त्याच वर्षी, १९९९ मध्ये, पूर्वेकडच्या पोट्सडाममध्ये टुर्बिने हा संघही आपल्या मूळ क्लबपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला. त्याची मुळे पूर्व जर्मनीत, वीज उद्योगातल्या कामगारांच्या क्रीडा मंडळात, १९७१ पर्यंत जातात. प्रशिक्षक बेर्न्ड श्र्योडर मधली काही वर्षे सोडून तेव्हापासून २०१६ पर्यंत तिथेच होते. स्वभावाने दोन क्लब दोन टोकांचे: एकीकडे बँकांच्या शहरातले विपणन, दुसरीकडे शिस्त, धावण्याचा सराव आणि क्रीडा शाळेतून घडवलेल्या मुली. १९९९ ते २०१२ या चौदा हंगामांत फ्रँकफर्टने सात आणि पोट्सडामने सहा विजेतेपदे घेतली. उरलेले एक, २००० चे, ड्युइसबुर्गला. २००६ चा युरोपीय अंतिम सामना याच दोघांत झाला आणि फ्रँकफर्टने तो दोन सामने मिळून ७-२ असा जिंकला. एका क्लबची मक्तेदारी याला म्हणता येणार नाही. स्वतंत्र महिला क्लब या प्रकाराची मक्तेदारी होती, असे म्हटले तर ते खरे आहे.

मग दुसरा आक्षेप: बडे क्लब खेळातच नव्हते, म्हणून हे जिंकले, मोकळ्या मैदानात धावून पहिला येण्यात काय मोठेपण? हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. ते मैदान मोकळे ठेवण्याचा निर्णय बड्या क्लबांचाच होता आणि तो त्यांनी दशकानुदशके बदलला नाही. तो बदलायला काय लागले? २००८ मध्ये उमेओविरुद्धच्या युरोपीय अंतिम फेरीचा दुसरा सामना फ्रँकफर्टच्या मोठ्या स्टेडियमवर झाला तेव्हा २७,६४० लोक आले. उमेओकडे तेव्हा ब्राझीलची मार्टा होती. महिला क्लबांच्या युरोपीय सामन्याला तोवर इतकी गर्दी कधी झाली नव्हती. तोवर जर्मन चषकाचा महिलांचा अंतिम सामना बर्लिनमध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्याआधी, लोक आत येऊन जागा शोधत असताना उरकला जाई. २०१० पासून तो कलोनला स्वतंत्रपणे होऊ लागला. २०११ चा विश्वचषक जर्मनीत आला, त्याच्या संयोजन समितीची अध्यक्ष श्टेफी जोन्स होती आणि अंतिम सामना फ्रँकफर्टमध्ये झाला. जपानला विश्वविजेतेपद देणारी शेवटची पेनल्टी साकी कुमागाईने मारली आणि त्याच उन्हाळ्यात ती एफएफसीत दाखल झाली.  तेव्हा मैदान मोकळे होते हे खरे, पण त्यावर गर्दी जमवून दाखवल्याशिवाय बड्या क्लबांची नजर तिकडे वळली नसती.

नजर वळली आणि चित्र झपाट्याने पालटले. २०१३ मध्ये फोक्सवागेनच्या मालकीच्या व्होल्फ्सबुर्गने साखळी, चषक आणि युरोप एकाच वर्षी जिंकले. तेव्हापासून २०२५ पर्यंतचे प्रत्येक जर्मन विजेतेपद व्होल्फ्सबुर्ग किंवा बायर्न म्युनिककडे गेले आहे. एफएफसी लगेच कोसळला नाही. २०१४ मध्ये तो शेवटच्या दिवसापर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होता आणि त्याच दिवशी व्होल्फ्सबुर्गमध्ये २-१ हरला. पुढच्या वर्षी, १४ मे २०१५ ला बर्लिनमध्ये, पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्ध बरोबरी असताना ९० मिनिटांनंतरच्या वाढीव वेळेत मँडी इस्लाकरने गोल केला आणि चौथा युरोपीय चषक फ्रँकफर्टला आला. पुरुषांच्या व्यावसायिक क्लबशी जोडलेला नसलेला जर्मन संघ त्यानंतर तिथे पोचलेला नाही. व्होल्फ्सबुर्ग किंवा म्युनिककडे तयार प्रबोधिनी होती, वैद्यकीय विभाग होता, सरावाची हिवाळ्यातही चालणारी मैदाने होती; महिला संघासाठी लागणारी जादा रक्कम त्यांच्या ताळेबंदात दिसेल न दिसेल एवढी. तीच रक्कम एफएफसीसाठी सगळा ताळेबंद होती. खेळाडूंना पूर्णवेळ पगार मिळू लागले, ज्यासाठी एफएफसीच झटला होता, आणि त्या पगारांनीच त्याचा श्वास कोंडला.

स्वातंत्र्य टिकवायला हवे होते, विलीनीकरण ही शरणागती होती, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्यांनी टिकवले त्यांचे काय झाले हे समोर आहे. ड्युइसबुर्गच्या स्वतंत्र महिला क्लबने २००९ मध्ये युरोप जिंकला, २०१३ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि २०१४ च्या सुरुवातीला संघ पुरुषांच्या एमएसव्ही ड्युइसबुर्गकडे गेला. पोट्सडामने २०२० मध्ये बर्लिनच्या हेर्टाशी सहकार्य केले. पुढे हेर्टाने स्वतःचाच महिला संघ काढला. २०१० चा युरोपविजेता टुर्बिने २०२३ मध्ये बुंडेसलिगातून खाली गेला, वर आला आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली गेला. या तुलनेत फ्रँकफर्टच्या मुलींचे बरे चालले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बायर्नविरुद्धचा हंगामाचा पहिला सामना आइन्ट्राख्टच्या मोठ्या स्टेडियमवर झाला आणि २३,२०० लोक आले. महिला बुंडेसलिगातली तोवरची ती सर्वांत मोठी गर्दी. संघ पुन्हा युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पोचला. हे एफएफसीच्या बळावर होणे अवघड होते.

पण विलीनीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांशीही माझे जमत नाही, आणि त्यासाठी फ्रँकफर्टबाहेर जायचीही गरज नाही. एफएसव्ही फ्रँकफर्ट आठवा: १९९८ मध्ये एकेरी गटाच्या बुंडेसलिगाची पहिली विजेती, प्रिन्झची जुनी घरधनीण. २००६ मध्ये तो संघ तळाला गेला आणि पुरुषांच्या क्लबने महिला विभागच गुंडाळला. मोठ्या क्लबच्या छताखाली ऊब असते खरी, पण ते छत किती दिवस द्यायचे हे तिथे राहणारी ठरवत नाही. आइन्ट्राख्टचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका घ्यायला आज कारण नाही. प्रश्न हेतूचा नाही, अधिकाराचा आहे. पुरुष संघाला दोन-तीन वाईट हंगाम आले, पैशाची चणचण भासली, तर कात्री कुठे चालेल हे ज्या सभेत ठरेल त्या सभेत महिला संघाचे मत अनेकांपैकी एक असेल. एफएफसीत ते एकमेव होते. गेली ती नेमकी ही गोष्ट. मैदान, बऱ्याच खेळाडू, अगदी काही काळ डीट्रिखही तसेच राहिले.

यावर शेवटचा आक्षेप असा की हा सगळा इतिहास झाला, आता परत फिरणे नाही. लिऑन आणि बार्सिलोनाने मोठ्या क्लबचाच मार्ग खरा ठरवला आहे. लिऑनचे उदाहरण मात्र आता तितके सरळ राहिलेले नाही. तिथला महिला संघ २००४ मध्ये पुरुषांच्या ऑलिंपिक लिऑनमध्ये सामील झाला आणि त्याने युरोपवर राज्य केले. अलीकडे अमेरिकन उद्योजिका मिशेल कँग यांनी तोच संघ पुरुष क्लबपासून वेगळा काढून आपल्या ताब्यात घेतला आणि २०२५ मध्ये त्याला नवे नावही दिले. त्यांचाच लंडन सिटी लायनेसेस हा क्लब २०१९ मध्ये मिलवॉलपासून फुटून निघाला होता. तो २०२५ मध्ये पुरुषांच्या आधाराविना इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पोचला. स्वातंत्र्य परत येते आहे, पण या वेळी ते गरिबीत येत नाही. आणि हा प्रकार एफएफसीहून अगदी वेगळा आहे हेही सांगायला हवे: प्राउनहाइममधून निघालेला एफएफसी सदस्यांचा होता, इथे एक मालकीण आहे, तिचा विचार बदलला तर अडवणारे कुणी नाही. जर्मनीत याच प्रश्नावर तिसरा मार्ग शोधला जातो आहे. बर्लिनच्या व्हिक्टोरिया क्लबचा महिला संघ २०२२ मध्ये सहा जणींनी मूळ क्लबपासून वेगळा करून स्वतंत्र कंपनीत आणला, भांडवल एका हाती न ठेवता अनेक गुंतवणूकदारांत वाटले आणि खालच्या श्रेणीतून वर चढायला सुरुवात केली. त्या सहा जणींत आरियाने हिंग्स्ट आहे. ती पोट्सडामकडून दहा वर्षे खेळली आणि नंतर फ्रँकफर्टकडूनही.